ब्रेक मारला की पुढचे शॉकअप बसतात, काय बदलू?

प्रश्न: १५० सीसी बाईक, ४०,००० किमी झालेत. लातूर-नांदेड रस्त्यावर ब्रेक दाबला की पुढून खाली बसते, वळणावर डुलते. मागे गॅसचे शॉकअप टाकू का?

उत्तर १: मागचं नंतर बघा. आधी फोर्क ऑइल (पुढच्या शॉकअपच्या नळ्यांतलं तेल) बदला, जुन्यात दम राहत नाही. कंपनीचं १०डब्ल्यू असेल तर १५डब्ल्यू (जरा घट्ट तेल) चालेल. माप मॅन्युअलमधलंच, दोन्ही नळ्यांत सारखं. जास्त भरलं की वरच्या हवेला जागा उरत नाही, फोर्क ताठतो, सील गळतं. गॅरेजात अंदाजे ओततात. मोजपात्र सोबत न्या.

उत्तर २: डुलण्याचं कारण बहुतेक कोनसेट (हँडल फिरतं ते बेअरिंग) नाहीतर चिमट्याचे (मागचं चाक धरणाऱ्या स्विंगआर्मचे) बुश. मेन स्टँडवर पुढचं चाक अधांतरी करा, फोर्क खालून पुढे-मागे ओढा. खटखट आली तर कोनसेट ढिला. हँडल मध्यभागी अडकतंय? मग कोनसेटच्या वाट्यांत खड्डे पडलेत, कसून उपयोग नाही, सेटच बदला.

उत्तर ३: डबलसीट असाल तर मागच्या शॉकअपचा प्रीलोड (स्प्रिंगला आधीच दिलेला ताण) एक खाच वाढवा, दोन्हीकडे सारखाच. त्यानं डॅम्पिंग (उसळी आवरण्याची ताकद) मात्र वाढत नाही. आपल्याकडं काळ्या मातीमुळं रस्त्याला लाटा पडतात. फार कडक केलं तर चाक उसळतं. आणि हवा थंड टायरमध्येच तपासा, उन्हात जास्त दाखवते.