अक्राच्या पुढे: केप कोस्ट आणि एल्मिना

घानाची राजधानी अक्रा पाहायला दोन दिवस पुरेत, शहरापुरतं ते ठीक आहे. पण केप कोस्ट आणि एल्मिना या किनाऱ्यावरच्या किल्ल्यांच्या गावांसाठी वेगळा मुक्काम ठेवाच. अंतर साधारण दीडशे किलोमीटर, तरी अक्रातून बाहेर पडतानाच गर्दीत बराच वेळ जातो. एका दिवसात जाऊन-येऊन नुसती दमणूक होते.

एल्मिनाचा किल्ला पोर्तुगीजांनी १४८२ मध्ये बांधायला घेतला, म्हणजे वास्को द गामा कालिकतला पोचायच्या १६ वर्षं आधी. गोव्याचा इतिहास वाचलेल्यांनी तर तो पाहायलाच हवा. १६३७ मध्ये तो डचांनी जिंकला, गुलामांचा व्यापार मात्र चालूच राहिला. केप कोस्टच्या किल्ल्यात पुरुष कैद्यांच्या अंधारकोठड्यांच्या वरच प्रार्थनाघर होतं! हे वाचणं वेगळं आणि त्या कोठडीत उभं राहणं वेगळं. गाइड घ्या, घाई करू नका.

अक्रात माकोला बाजार सकाळी लवकर गाठा, आणि फोटो काढण्याआधी विक्रेत्या बायकांना विचारा. केंकी (आंबवलेल्या मक्याच्या पिठाचे शिजवलेले गोळे), तळलेला मासा आणि शिटो ही काळपट तिखट चटणी चुकवू नका. पीतज्वराच्या लशीचा दाखला निघण्याआधीच हाताशी ठेवा, घानात प्रवेशासाठी तो लागतो.