एरोटर चालवताना साधा निळा मास्क पुरतो का?

तालुक्याचा डेंटिस्ट (यवतमाळ जिल्हा)
कोविड ओसरला आणि आपल्या भागातल्या क्लिनिकांत पुन्हा निळा सर्जिकल मास्क आला. माझं मत ठाम आहे: एरोटर (दात कोरायचं वेगानं फिरणारं यंत्र) किंवा अल्ट्रासॉनिक स्केलर (दात साफ करायचं कंपनाचं यंत्र) चालणार असेल, म्हणजे तोंडातून फवारा उडणार असेल, तर डॉक्टर आणि असिस्टंट, दोघांनाही एन-९५ मास्क हवाच. सर्जिकल मास्क रक्त-थुंकीचे शिंतोडे अडवतो, पण गालाशी फट राहते आणि बारीक कण तिथूनच आत जातात. एन-९५ ०.३ मायक्रॉनचे किमान ९५ टक्के कण गाळतो, तोही चेहऱ्याला घट्ट बसला तरच. दाढी असेल तर बसत नाही. जगातले जवळपास पाव टीबी रुग्ण भारतात आहेत आणि टीबी हवेतूनच पसरतो. दाढ दुखते म्हणून आलेला माणूस आपला खोकला किती दिवसांचा आहे हे विचारल्याशिवाय सांगत नाही.

अकोटकर बीडीएस
सर, मे महिन्यात ४५ अंशांत, लाइट गेलेली असताना एन-९५ लावून रूट कॅनाल करून पाहा. घामानं मास्क ओला होतो, श्वास कोंडतो, हात थरथरतो. माझ्याकडे येणाऱ्या शेतमजूर बायका दीडशे रुपयेही दोनदा करून देतात. फी वाढवली की त्या बाजारातल्या झोलाछापाकडे जाणार, आणि तिथं पकड उकळत्या पाण्यात बुडवली की काम झालं. त्यांना परवडणारच नाही अशा सुरक्षिततेचा काय उपयोग?

राळेगावचा पेशंट
मी डॉक्टर नाही, पण मले जे दिसलं ते सांगतो. मायची दाढ काढाले नेलं होतं. डॉक्टरनं हातमोजे घातले, त्याच हातानं मोबाइल उचलला, ड्रॉवर उघडला, अन् पुन्हा तिच्या तोंडात हात. मास्क कोणता होता हे मले समजत नाही. पहिले हे सुधरवा, मग एन-९५ च्या गोष्टी करा.

सक्शन धरणारी
तुम्ही दोघंही डॉक्टरांच्या बाजूनंच बोलता. स्केलिंग (दातांची सफाई) चालू असताना सक्शन, म्हणजे तोंडातलं पाणी ओढणारी नळी, माझ्या हातात असते. संपल्यावर माझ्या चष्म्यावर पांढरे ठिपके वाळलेले असतात, तेच नाकासमोरही उडालेले असणार. मला दिवसभर एकच निळा मास्क. हिपॅटायटिस बी च्या लसीचे तीन डोस असतात, पहिला, महिन्यानं दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा. हे मला शेजारच्या नर्सनं सांगितलं, क्लिनिकात कोणी नाही. मास्कचा खर्च काढताना असिस्टंटचं नाव यादीत असतं का?

तालुक्याचा डेंटिस्ट
ताई, तुमचं नाव माझ्या नावाआधी हवं. तोंडाच्या सगळ्यात जवळ तुम्हीच असता.
अकोटकर, उन्हाचं खरं आहे. म्हणून ड्रिलिंग आणि स्केलिंग सकाळच्या गारव्यात ठेवा, दुपारी साधी दाढ काढणं, तपासणी, टाके. त्यात फवारा उडत नाही, सर्जिकल मास्क चालतो. छोटी कीड हातानं खरवडून ग्लास आयनोमर (दातात भरायचं सिमेंट) भरलं तर एरोटरच लागत नाही. रबर डॅम (फक्त कामाचा दात उघडा ठेवणारा रबराचा पडदा) आणि मोठं सक्शन वापरलं की फवारा बराच कमी होतो. आणि आपला खिडकीतला कूलर बाहेरची ताजी हवा आत आणतो, फक्त समोरची खिडकी उघडी ठेवा. बंद खोलीतला एसी तीच हवा फिरवत राहतो. खोकला-ताप असलेल्याला आधी थुंकी तपासायला पाठवा, तातडीचं नसेल ते काम थांबवा.

अकोटकर बीडीएस
सकाळचं मान्य, खिडकीचंही. ताईंना एन-९५ द्यायलाच हवा, त्यावर वाद नाही. पण उद्या म्हणाल, हँडपीस (एरोटरचा हातात धरायचा, तोंडात जाणारा भाग) दर पेशंटला ऑटोक्लेव्ह करा, म्हणजे दाबाच्या वाफेत निर्जंतुक करा. बेअरिंग लवकर जातं, नवीन हँडपीस माझ्या महिन्याच्या बजेटात बसत नाही. मी स्पिरिटनं पुसतो.

तालुक्याचा डेंटिस्ट
हे मात्र मी सोडणार नाही. एरोटर थांबताना तोंडातलं पाणी-रक्त हँडपीसच्या आत ओढलं जाऊ शकतं, स्पिरिट तिथं पोचतच नाही. १२१ अंश, १५ पौंड दाब, कमीत कमी १५ मिनिटं. पाकिटात बांधलं असेल तर जास्त. लाइटचा भरवसा नसेल तर गॅसवरचा कुकरसारखा ऑटोक्लेव्ह मिळतो. ऑटोक्लेव्हआधी हँडपीसमध्ये तेल घाला, बेअरिंग टिकतं. तीन हँडपीस आलटून-पालटून वापरा. तिसरा घेईपर्यंत एरोटरच्या कामाचे पेशंट कमी घ्या.