म्हाताऱ्या कुत्र्यांचे सांधे आणि घरचं जेवण: आपले अनुभव लिहा

पावसाची हवा धरली की आमच्या वाडीतली वयस्कर कुत्री आखडायला लागतात. उठताना मागचा भाग ओढत उठतात, पडवीच्या पायरीशी येऊन थांबतात, लादीवर पाय फाकतात. तयार खाणं सगळ्यांना परवडत नाही, आणि पिशवी एकदा फोडली की आपल्या दमट हवेत ते लगेच मऊ पडतं. औषधांचं डॉक्टरांवर सोडू. ताटलीत काय घालता, कसं शिजवता, काय मानवलं नाही, ते इथे लिहा. सुरुवात मी करते.

राजापूर
आमची काळी गावठी आहे, तेरा वर्षांची. माझं ठाम मत आहे की सांध्यांसाठी पहिली गोष्ट म्हणजे वजन. २००२ साली अमेरिकेतला एक दीर्घ अभ्यास प्रसिद्ध झाला. ४८ लॅब्रेडॉर कुत्र्यांच्या २४ जोड्या लावल्या होत्या आणि जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खायला दिलं, तेही आयुष्यभर. कमी खाणारी साधारण पावणेदोन वर्षं जास्त जगली, आणि सांधेदुखीचे उपचारही त्यांना उशिरा लागले. आपल्याकडे उरलेला भात कुत्र्याचा, हे ठरलेलंच. त्यात मे महिन्यात कलमांखाली पडलेला हापूस आणि फणसाचे गरे. तेव्हा मी काळीचा भात निम्म्यावर आणते. बरगड्यांवरून हात फिरवायचा. न दाबता हाताला लागल्या तर ठीक, बोटं रुतवून शोधाव्या लागल्या तर जेवण कमी करायचं. आंब्याचा बाठा मात्र तोंडातून काढून घ्या, आतड्यात अडकतो.

रोजचं जेवण असं: मूठभर उकडा भात, त्याच्या दुप्पट चिकन किंवा मासे, थोडा दुधी नाहीतर लाल भोपळा. म्हातारपणी मांड्यांचं मांस झडतं आणि सगळा भार सांध्यांवर येतो, म्हणून प्रथिनांत काटकसर नको. माणसांची आमटी अजिबात नाही. कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात.

हर्णै
आमच्याकडे तारली आणि बांगडा. संध्याकाळच्या लिलावानंतर लहान तारली स्वस्तात मिळते, तीच घेतो. पोट साफ करून, डोक्यासकट कुकरमध्ये, बुडेल इतकं पाणी, मीठ नाही. एक शिट्टी झाली की गॅस बारीक करून पाऊण तास ठेवायची. उघडल्यावर मधला काटा चिमटीत धरून चिरडून बघायचा, पिठासारखा झाला पाहिजे. बारीक काटे आधी मऊ होतात, मणका सगळ्यात शेवटी, म्हणून तोच तपासायचा. बोटाला टोचला तर परत कुकर लावायचा. असा विरघळलेला काटा पोटात गेला की कॅल्शियमही मिळतं. मोठ्या बांगड्याचे काटे मात्र मी काढूनच टाकतो.

या तेलकट माशांत ओमेगा-३ अंगी लागेल अशा रूपात असतं आणि सांध्यांची सूज कमी करायला त्याची मदत होते. जवसातलं ओमेगा-३ वेगळं. कुत्र्याच्या शरीरात त्याचं रूपांतर फारच थोडं होतं. कच्ची तारली देऊ नका, तिच्यात बी-१ जीवनसत्त्व मोडणारं एन्झाइम असतं, ते शिजवल्यावर निकामी होतं. नरमलेला बांगडा फुकट मिळाला तरी नको. बर्फाशिवाय राहिलेल्या बांगड्यात हिस्टामिन तयार होतं, ते उकळूनही जात नाही.

१ जूनला यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद होते. त्या दिवसांत डॉक्टरांनी मापून दिलेल्या फिश ऑइलच्या कॅप्सूल चालतात. कॉडच्या लिव्हरचं तेल त्याऐवजी देऊ नये, त्यात ए आणि डी जीवनसत्त्वं साठतील इतकी असतात.

मालवण
आमच्या मोत्याक आता वय झाला. पावसात ताजी मासळी गावना नाय, म्हणान लोक सुको बांगडो नायतर सुकट घालतत. माझा सांगणा, घालू नकात. भरपूर मीठ असता त्यात. म्हाताऱ्या कुत्र्याची किडनी नी काळीज आधीच थकलेला असता. त्यापेक्षा अंडा उकडून घाला. आणि एक, लादयेर गोणपाट घाला. आमचो मोती गोणपाटार सरळ उठता, लादयेर उठताना चार वेळा घसरता.

गुहागर
आमच्या घरात मासे-मांस शिजत नाही. अंडी मागच्या चुलीवर उकडतो. अंडी, घरचं पनीर, मऊ शिजवलेली मूगडाळ, रताळं. मासे नाहीत म्हणजे कॅल्शियमचा हिशेब बघावाच लागतो. टरफलं धुऊन, भाजून, मिक्सरला अगदी वस्त्रगाळ करतो. सपाट चमचाभर पुडीत साधारण २ ग्रॅम कॅल्शियम असतं, म्हणजे रोज चमचा चमचा घालायची ही वस्तू नव्हे. आमच्या कुत्र्याच्या वजनावरून डॉक्टरांनी प्रमाण ठरवून दिलं.

रत्नागिरी
न्यूझीलंडच्या हिरव्या शिंपल्यांच्या पावडरीबद्दल बरेच जण विचारतात. कुत्र्यांच्या सांधेदुखीवर तिचे अभ्यास झालेत, काहींत फायदा दिसला. आपल्या खडपावरचे शिनाणे त्यांचेच जवळचे नातलग, पण जात वेगळी. मी शिनाणे उकडून अधूनमधून दोन-चार देते. औषध म्हणून नाही, कुत्री आवडीने खाते म्हणून. खाडीच्या तोंडाशी गावाचं सांडपाणी येतं तिथले घेत नाही.

अलिबाग
पायाचं सूप हाडं गाळून देते, तेही गार करून वरची चरबी काढल्यावर. शिजलेलं हाड कधीच नाही, त्याच्या सुळक्यांनी आतडं फाटतं. सुपाने सांधे बरे होतात असं मी म्हणणार नाही. पण दात गेलेली कुत्री कोरडं जेवण सोडून देते, ती सूप घातलं की ताटली चाटून पुसून ठेवते.

वेंगुर्ला
आमच्याकडे जेवण नीट होतं, वजनही उतरलं होतं, तरी लंगडणं थांबेना. आज पुढचा पाय, परवा मागचा. अंग कोमट लागायचं. रक्त तपासल्यावर गोचीडतापाचं निदान झालं. त्यानेही सांधे सुजतात. डॉक्सिसायक्लिनचा पूर्ण कोर्स झाला आणि चाल मोकळी झाली. आपल्या गवताळ आवारात गोचीड बारा महिने असते. पाय बदलून लंगडणारं कुत्रं दिसलं तर नुसतं वय झालंय म्हणून सोडू नका.

देवगड
वरचं सगळं पटलं, पण एक फार कळकळीने लिहितो. माणसांच्या दुखण्याची गोळी कुत्र्याला देऊ नका. वाडीतल्या एका कुत्र्याला कोणीतरी मायेपोटी डायक्लोफिनॅक दिली. काळी शी, उलटीत रक्त, आणि किडनी गेली. आयब्युप्रोफेननेही तेच होतं. आमच्या वाघ्याला डॉक्टर मेलॉक्सिकॅम देतात, तेही वजन करून आणि रक्त तपासून, आणि पोट भरलेलं असतानाच. म्हणून त्याचं संध्याकाळचं जेवण आम्ही कधी चुकवत नाही: थोडा भात, तारली, भोपळा.

हर्णैवाल्यांना विचारायचं होतं, शिजवलेली तारली फ्रीजरमध्ये किती दिवस ठेवता?

हर्णै
दोन आठवडे. एकेका जेवणापुरत्या लहान डब्यांत, आदल्या रात्री खाली फ्रीजमध्ये काढून. वास जरा बदलला वाटला तरी टाकून देतो.