विलीजमध्ये डिझेल आणि ऑटोमॅटिक: बसवावं की नको?

घोडबंदरकर
महिंद्राने बांधलेली जुनी विलीज जीप, सीजे-थ्रीबी घ्या. २.२ लिटरचं हरिकेन पेट्रोल, तीन गिअरचा टी-९० गिअरबॉक्स, टॉर्क (फिरवण्याची ताकद) जेमतेम १५५ न्यूटन-मीटर. ठाण्यात घोडबंदर रोडवर कापूरबावडी ते गायमुख रांगेत जायचं तर डाव्या पायाचं भजं होतं. माझं मत: टोयोटाचं वन-केझेड-टीई, तीन लिटरचं डिझेल, त्याच्याच ए३४०एफ ऑटोमॅटिकसकट बसवावं. टॉर्क २८७. दोन्ही एकाच हाफ कटमधलं (भंगारातल्या गाडीचा कापलेला पुढचा अर्धा भाग) घेतलं की मधे अ‍ॅडाप्टर नको, फ्लेक्सप्लेट (इंजिनला कन्व्हर्टर जोडणारी चकती) आणि कन्व्हर्टर (ऑटोमॅटिकमध्ये क्लचच्या जागी ऑइलने ताकद देणारा) जुळवायची कटकट नको. विरोध असेल तर कारणासकट लिहा.

पेट्रोलवाले काका
विरोध आहे, आणि तो कागदांपासून सुरू होतो. २०२१ च्या नियमांनुसार विंटेज नोंदणी मिळते ती ५० वर्षांवरच्या, मूळ रूपातल्या गाडीला. चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार केलात की विंटेज गाड्यांच्या 'व्हीए' मालिकेचा नंबर विसरा. साध्या नंबरवरही सुटका नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की आरसीवरचा तपशील कंपनीने दिलेल्यापेक्षा वेगळा होता कामा नये, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच उचलून धरलं. १८२अ खाली दर फेरफाराला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पासिंग ठाण्याचं असो की वाशीचं, आरसीवर पेट्रोल आणि बॉनेटखाली डिझेल हे दिसल्यावर कोण सही करेल? अपघात झाला तर विम्याचं काय, ते वेगळंच.

घोडबंदरकर
काका, 'व्हीए' नंबरची गाडी रोज चालवता येतच नाही. ज्याला चालवायची आहे त्याला तो नंबर असून काय उपयोग? कलम ५२ वर मात्र माझ्याकडे उत्तर नाही. खाजगी जागेत, ट्रेलवर चालवणाऱ्यांपुरतंच बोलू.

तुर्भे_गॅरेज
कायदा बाजूला ठेवला तरी खरी अडचण लांबीची आहे. या जीपचा व्हीलबेस ८० इंच, म्हणजे २०३२ मि.मी. इंजिन, ऑटोमॅटिक आणि त्याच्या पाठीला चिकटलेला ट्रान्सफर (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा डबा) एका रेषेत ठेवला की मागच्या प्रोपेलर शाफ्टला (गिअरबॉक्सकडून अ‍ॅक्सलला ताकद नेणारा दांडा) उरतं किती? इतक्या तोकड्या शाफ्टला सस्पेन्शनच्या पाट्यांच्या हालचालीबरोबर क्रॉसचा (शाफ्टच्या टोकाचा वळता सांधा) कोन झपाट्याने वाढतो. १५ अंशांपुढे रोज चाललात तर थरथर आणि क्रॉस तुटणं ठरलेलं.

वर आणखी एक भानगड. विलीजचा मूळ ट्रान्सफर, डाना १८, मागचा आउटपुट एका बाजूला काढतो, म्हणून मागचा डिफही (अ‍ॅक्सलवरचा डिफरन्शियल) बाजूलाच सरकलेला आहे. ए३४०एफचा आउटपुट सरळ मधोमध. म्हणजे शाफ्ट वरून खालीही तिरका आणि आडवाही तिरका. पुढचा आउटपुट डिफच्या उलट बाजूला पडला तर तो शाफ्ट इंजिनच्या संपखालून (ऑइलच्या तळटाकीखालून) आडवा काढणार का? डिझेलला माझा विरोध नाही, या गिअरबॉक्सला आहे.

खारघर_४x४
डिफ मधोमध आणता येतो. हाउसिंगच्या नळ्या कापून जिगवर पुन्हा वेल्ड करायच्या, हाफ शाफ्ट (डिफपासून चाकापर्यंतचे दांडे) नवीन करून घ्यायचे. शाफ्टच्या एका टोकाला डबल क्रॉस.

पेट्रोलवाले काका
म्हणजे इंजिन नवं, गिअरबॉक्स नवा, अ‍ॅक्सल कापलेले. मग विलीजचं काय उरलं, ग्रिल? आणि इतका टॉर्क जुने हाफ शाफ्ट सोसतील?

खारघर_४x४
हाफ शाफ्टची भीती जास्तच दाखवली जाते. मूळ पेट्रोल, पहिला गिअर, लो रेंज: १५५ × २.८ × २.४६ × ५.३८, म्हणजे चाकांवर साधारण ५,७४० न्यूटन-मीटर. दीड टनाची गाडी कोरड्या रस्त्यावर ०.८ पकड धरून टायर घसरण्याआधी घेते ४,३५० च्या आसपास. म्हणजे मूळ इंजिनच टायर घसरवायला पुरेसं आहे, त्यापुढची ताकद टायरखालून निसटते. शाफ्ट तुटतो तो झटक्याने, क्लच एकदम सोडला की. तो झटका कन्व्हर्टर गिळतो. इथे ऑटोमॅटिकच सरस.

तुर्भे_गॅरेज
हिशोब मान्य, पण चारही चाकांना सारखी पकड असेल तेव्हाच. डिफ लॉक केलेले असताना तीन चाकं चिखलात आणि एक दगडात अडकलं की सगळा भार एका शाफ्टवर येतो. आणि कन्व्हर्टर झटका गिळतो तसा इंजिनचा ब्रेकही गिळतो. उतारावर नऊ इंची ड्रम ब्रेक, एकच सर्किट, सर्व्हो (पायाचा जोर वाढवणारा) नाही. डिझेलला पेट्रोलसारखी मॅनिफोल्डची ओढ (व्हॅक्यूम) मिळत नाही, सर्व्होसाठी व्हॅक्यूम पंप लागतोच. बऱ्याच डिझेलवर तो अल्टरनेटरच्या पाठीला असतो, हाफ कट घेताना आहे का बघा. पुढे डिस्क आणि टँडम (दोन सर्किटांचा) मास्टर सिलिंडर न बसवता कुणी हे काम करू नये.

खारघर_४x४
यावर दुमत नाही. उष्णतेचंही लिहून ठेवतो, कारण वन-केझेडचं अ‍ॅल्युमिनियमचं हेड तापलं की तडकतं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. मे महिन्यात घोडबंदर रोडच्या रांगेत कन्व्हर्टर सतत घसरत राहतो, ऑइल तापतं, आणि तेच ऑइल रेडिएटरच्या टाकीतून फिरवलं की इंजिनही तापतं. म्हणून ऑइल कूलर वेगळा, त्याला स्वतःचा फॅन आणि थर्मोस्टॅट स्विच. पाइप ऑइलचं तापमान आणि दाब सोसणारा, साधा पेट्रोलचा नको. थ्रॉटलची केबल सैल राहिली तर गिअरबॉक्समधल्या ऑइलचा दाब (लाइन प्रेशर) कमी पडतो आणि आतले क्लच पॅक जळतात. गिअर पडतोय म्हणून लोक चालवत राहतात. गिअरबॉक्सचा ब्रीदर (हवेची नळी) उंच, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) त्याहून उंच. पेट्रोलच्या टाकीला रिटर्न लाइन नसते, ती काढून घ्या.

पेट्रोलवाले काका
एवढं करण्यापेक्षा डाना १८ च्या मागे पीटीओच्या (बाहेरची यंत्रं चालवायच्या जोडणीच्या) तोंडावर २५ टक्क्यांचा ओव्हरड्राइव्ह (त्याच वेगाला इंजिन हळू फिरवणारा जादा गिअर) बसतो, चॅसीला हातसुद्धा लावावा लागत नाही. ताशी ८० ला २९ इंची टायरवर टॉपमध्ये इंजिन ३,१०० ला फिरतं, ते २,३२५ वर येतं.

घोडबंदरकर
ए३४० च्या चौथ्यात २,२०० येतं काका, आणि डावा पायही मोकळा.

तुर्भे_गॅरेज
हाफ कटला पैसे देण्याआधी चॅसीखाली जा, डिफच्या यॉकपासून (जिथे शाफ्ट जोडतात ते तोंड) पुढे ओळंब्याने रेषा आखा आणि गिअरबॉक्सची लांबी त्यावर मांडा. चाकं पूर्ण खाली लटकवून, मग पाटे दाबून, असं दोन्हीकडे मोजा. तिथे जागा नसेल तर पुढचं सगळं फुकटचं बोलणं.