जॉब फेअरला २५ बायोडेटा वाटले, एकही फोन नाही. या वेळी काय करू?

नाशिकफाटा_मेक
नमस्कार. पुण्यात मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. पुढच्या शनिवारी कॉलेजात जॉब फेअर आहे, ४० कंपन्या येणार म्हणतात. मागच्या वर्षी एका मेळाव्यात २५ बायोडेटा दिले, कुणाचाच फोन आला नाही. ६८ टक्के आहेत. एक बॅकलॉग (नापास राहिलेला विषय) होता, तो निघाला.

चाकण_क्वालिटी
मी चाकणला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात क्वालिटीला आहे. तीन वर्षं अशा मेळाव्यांत आमच्या टेबलावर बसते, म्हणून सांगते.

दुपारपर्यंत आमच्यापुढे बायोडेटांचा गठ्ठा होतो. बहुतेक मुलं "मॅडम, व्हेकन्सी आहे का?" विचारतात, कागद ठेवतात आणि पुढं जातात. चेहरासुद्धा लक्षात राहत नाही. गेल्या वर्षी एका मुलानं टेबलावरचं ब्रॅकेट उचललं, उलटंसुलटं करून बघितलं आणि विचारलं, "ही भोकं ड्रिलनं पाडता की प्रेसवर?" प्रेसवरच्या भोकाला एका बाजूनं बर (धातूची धारदार कड) येतो, माझा निम्मा दिवस त्यातच जातो. आम्ही दहा मिनिटं बोललो. त्याच्या बायोडेटावर मी तिथंच खूण केली. आज तो आमच्याकडे आहे.

म्हणून चाळीस टेबलं फिरू नकोस. टीपीओ सरांकडून (कॉलेजचे प्लेसमेंट अधिकारी) यादी आजच माग आणि पाच-सहा कंपन्या निवड. त्या काय बनवतात, कारखाना चाकणला आहे की रांजणगावला, हे बघून जा. सकाळी लवकर पोच, दुपारी आम्हीही थकलेलो असतो. पण मनातल्या कंपनीकडे आधी नको, एक-दोन टेबलांवर बोलून जीभ सैल होऊ दे.

बॅकलॉगचं विचारलं तर सरळ सांग. मला जास्त खटकतं ते प्रोजेक्टबद्दल "आम्ही केलं, आम्ही केलं" ऐकणं. तू काय केलंस? आणि मायक्रोमीटरचा लीस्ट काउंट, म्हणजे त्यावर मोजता येणारं सर्वांत लहान माप, विचारल्यावर अडखळू नकोस, ०.०१ मिमी.

नाशिकफाटा_मेक
ताई, खूप आभार. अप्रेंटिस म्हणून घेतो म्हणाले तर? घरचे म्हणतात पर्मनंटच बघ.

चाकण_क्वालिटी
माझी सुरुवात अप्रेंटिस म्हणूनच झाली. १९६१ च्या कायद्याखाली रीतसर करार होतो, स्टायपेंड मिळतो. पण नंतर कायम करतीलच असं नाही. त्यामुळे टेबलावरच विचार, "मागच्या बॅचमधले किती जण ठेवले?" आकडा सांगायला टाळाटाळ झाली तर समजून घे.

भोसरी_जुना
एक गोष्ट माझ्याकडून. मेळाव्याच्या दारात मला एका एजन्सीवाल्यानं गाठलं होतं. "सीट पक्की" म्हणून ३,५०० रुपये घेतले. पैसे आईचे होते. नंतर त्याचा फोन बंद. डिपॉझिट, ट्रेनिंग फी, गणवेशाचे पैसे, काहीही मागितलं तरी तिथून निघ. सरकारी रोजगार मेळावेही होतात, महास्वयम् पोर्टलवर नाव नोंदव, त्याला एक रुपया लागत नाही.

नाशिकफाटा_मेक
यादी मिळाली. सहा कंपन्या निवडल्या, त्यातल्या दोन प्रेस पार्टच्या आहेत.

चाकण_क्वालिटी
छान. आता तुझा प्रोजेक्ट इथं चार ओळींत लिही, फक्त तू केलेला भाग. आज सेकंड शिफ्ट आहे, रात्री घरी आल्यावर वाचते आणि टेबलावर मी काय विचारलं असतं ते लिहिते.