मदत हवी आहे: हायवेचा खरा फायदा वेगळा कसा काढायचा?

मंडळी, नवीन हायवेने आजूबाजूच्या भागाचं आर्थिक चित्र किती बदललं ते मोजतोय. वाचलेला वेळ, इंधन, कमी झालेले अपघात हे सगळं कॉस्ट-बेनिफिटमध्ये (खर्च विरुद्ध फायदा या हिशोबात) बसलं, पण जमिनीचे वाढलेले भावही फायद्यात धरले तर तोच फायदा दोनदा मोजला जातो ना? भाव वाढतात तेच मुळात वेळ वाचतो म्हणून. आणि इंटरचेंजजवळ (हायवेवर चढण्या-उतरण्याच्या जागी) गोडाऊनं आली खरी, पण ती नवीन की शेजारच्या भागातून उठून आलेली? डिफरन्स-इन-डिफरन्स (रस्ता मिळालेल्या आणि न मिळालेल्या गावांत आधी-नंतर किती बदल झाला याची तुलना) लावावं तर रस्ता आधीच वाढणाऱ्या शहरांकडे नेलेला असतो, तुलनाच गंडते, म्हणून केवळ वाटेत आली म्हणून रस्ता मिळालेली गावंच घ्यायचा विचार आहे. मग कंट्रोलची (तुलनेसाठीची, रस्ता न मिळालेली) गावं किती लांबची घेऊ? जवळची घेतली तर धंदे तिथूनच हायवेकडे गेलेले असणार.