निरोप न घेता थांबलेल्या ब्लॉगलेखकांविषयी

माजघर

साधारण २००६ ते २०१२ या काळात मराठीत वैयक्तिक ब्लॉग लिहिणाऱ्यांची एक मोठी पिढी तयार झाली होती. ब्लॉगस्पॉट आणि वर्डप्रेस यांवर जागा फुकट मिळत होती, युनिकोडमुळे देवनागरी अक्षरे कोणत्याही संगणकावर नीट दिसू लागली होती आणि बराहा किंवा गमभन वापरून रोमन कळफलकावरून मराठी लिहिणे कोणालाही जमण्यासारखे झाले होते. परदेशातील पहिला हिवाळा, आजीच्या हातच्या पाककृती, सह्याद्रीतील भटकंती, मुलांच्या शाळा अशा विषयांवर ही मंडळी नेमाने लिहीत असत आणि आम्ही ते नेमाने वाचत असू.

यांतील बहुतेक ब्लॉग आज थांबलेले आहेत, यात आश्चर्य काही नाही. मला विचारायचे आहे ते थांबण्याच्या पद्धतीविषयी. शेवटची नोंद उघडली तर तिच्यात शेवटची असल्याची कसलीही खूण सापडत नाही. एखाद्या किल्ल्यावरच्या चढाईचा पहिला भाग असतो, खाली ‘क्रमशः’ लिहिलेले असते आणि त्यानंतर काहीच नसते. प्रतिसादांमध्ये दोघे-तिघे वाचक वर्षा-दोन वर्षांच्या अंतराने ‘पुढचा भाग कधी?’ आणि मग ‘आपण बऱ्या आहात ना?’ असे विचारून गेलेले दिसतात.

वर्षानुवर्षे वाचणाऱ्यांसाठी दोन ओळींचा निरोप लिहावा, ही अपेक्षा अवाजवी आहे का? आणि असा ब्लॉग आवडत असेल तर वाचकाच्या हातात नेमके काय उरते?

अर्धविराम

मी अशीच न सांगता थांबलेली आहे आणि त्यात मला काही गैर वाटत नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

आपल्या प्रश्नात असे गृहीत धरलेले आहे की लेखकाने एके दिवशी थांबायचे ठरवले आणि ते वाचकांपासून लपवून ठेवले. बहुतेकांच्या बाबतीत असा दिवस उगवलेलाच नसतो. दर आठवड्याची नोंद पंधरवड्यावर जाते, पंधरवड्याची महिन्यावर जाते, मसुद्यांच्या यादीत अर्धे लेख साचत राहतात आणि प्रत्येक वेळी मनात हेच असते की दिवाळी उरकली, परीक्षा संपल्या किंवा घर लावून झाले की पुन्हा बसायचे. त्या ‘क्रमशः’वर आपला रोख आहे, पण माझ्या मते तोच त्या लेखकाच्या प्रामाणिकपणाचा पुरावा आहे, कारण पुढचा भाग लिहायचाच आहे असे ज्याला वाटते तोच तो शब्द लिहितो.

दुसरे कारण फेसबुकचे आहे आणि ते केवळ वेळेपुरते नाही. ब्लॉगची नोंद ज्या किरकोळ निरीक्षणातून वाढत असे, तेच निरीक्षण चार ओळींत तिकडे टाकून मोकळे होता येऊ लागले; संध्याकाळपर्यंत पन्नास ओळखीच्या लोकांनी त्याला दाद दिली की मग तोच विषय घेऊन रात्री दीड पान लिहिण्याची निकड उरत नसे. लिहिणे थांबले असे लिहिणाऱ्याला वाटतच नव्हते, कारण लिहिणे एका अर्थी चालूच होते.

तिसऱ्या कारणाविषयी स्त्रिया सहसा उघडपणे बोलत नाहीत. टोपणनावाने लिहिणाऱ्या बाईचा ब्लॉग सासरच्या किंवा कचेरीतल्या कोणाच्या तरी हाती लागतो, जेवणाच्या टेबलावर एखादे वाक्य हसत हसत उद्धृत केले जाते आणि त्यानंतर तिला घराविषयी एक ओळही मोकळेपणाने लिहिता येत नाही. अशा वेळी निरोपाची नोंद लिहायची म्हणजे कारण सांगायचे, आणि कारण तर सांगण्यासारखे नसते. जाहीर निरोपाला ‘असे करू नका’ म्हणणारे प्रतिसाद येतात, त्यांना उत्तरे द्यावी लागतात आणि पुढे कधी पुन्हा लिहावेसे वाटले तर त्या निरोपाची लाज आड येते. न सांगता थांबलेल्या माणसाला सहा वर्षांनी कोणताही खुलासा न करता परत येता येते. मला ही सोय हवी होती.

पिंपळपार

निरोपाची अपेक्षा आपल्याकडे नियतकालिकांमधून आली असावी असे मला वाटते. मासिक बंद करताना संपादकाला वर्गणीदारांना काहीतरी सांगणे भाग असे, कारण त्यांचे पैसे आगाऊ घेतलेले असत. वर्गणीचा हिशेब होता म्हणून निवेदनही होते. विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ १८७४ पासून ८४ अंक चालली, तीही जवळपास एकट्याच्या लेखणीवर. परंतु वैयक्तिक असली तरी ती छापून विकली जाणारी वस्तू होती. ब्लॉगच्या वाचकाने काहीच मोजलेले नसते.

ब्लॉगचे खरे पूर्वज शोधायचे तर साठच्या दशकातील ‘असो’, ‘फक्त’, ‘येरू’ यांसारख्या लघुअनियतकालिकांकडे पाहावे लागेल. खिशातले पैसे घालून, जमेल तेव्हा, जमेल तितक्या पानांचे अंक निघत आणि पैसे किंवा उमेद संपली की निघेनासे होत. त्यांनी वाचकांचा रीतसर निरोप घ्यायला हवा होता, असे आजवर कोणी म्हटलेले माझ्या वाचनात नाही. (त्यांतल्या बहुतेकांनी तर वाचकांना रीतसर नमस्कारही केलेला नव्हता.)

तेव्हा अर्धविराम यांच्याशी मी सहमत आहे. फक्त ‘क्रमशः’ लिहून पहिला भाग टाकणाऱ्यांना निदान तेवढ्यापुरते तरी देणेकरी समजावे, असे माझे मत आहे.

उंबरठा

वरील दोन्ही उत्तरे पटली, तरी त्यांत एक प्रकार सुटलेला आहे. लेखक सुरक्षित आहे हे आपल्याला ठाऊक असते तेव्हाच त्याचे मौन ही त्याची खासगी बाब ठरते.

बगदादमधील एक तरुणी ‘रिव्हरबेंड’ या टोपणनावाने ‘बगदाद बर्निंग’ हा इंग्रजी ब्लॉग लिहीत असे. ऑगस्ट २००३ मध्ये, म्हणजे अमेरिकी सैन्य शहरात शिरल्यानंतर चारेक महिन्यांनी, तिने सुरुवात केली. ती संगणक क्षेत्रात काम करीत होती आणि आक्रमणानंतर तिची नोकरी गेली होती. वीज किती तास असते, पाणी कधी येते, गल्लीत कोणाला उचलून नेले, रमजानमध्ये घरात काय शिजले, हे सारे ती लिहीत असे आणि जगभरचे लोक वृत्तपत्रांपेक्षा तिच्यावर अधिक विश्वास ठेवत. नोंदींमध्ये आठवडेच्या आठवडे खंड पडे, कधी महिने लोटत. एप्रिल २००७ मध्ये तिने कुटुंबासह देश सोडण्याचा निर्णय झाल्याचे कळवले, सप्टेंबरमध्ये सीरियात पोहोचल्याचे लिहिले, २२ ऑक्टोबर २००७ रोजी तिथल्या इराकी निर्वासितांच्या आयुष्याविषयी एक नोंद टाकली आणि त्यानंतर ती गप्प झाली.

हे मौन साडेपाच वर्षे टिकले. २०११ पासून खुद्द सीरियाच पेटला, तेव्हा तिच्या वाचकांची काय अवस्था झाली असेल याची कल्पना करावी. तिचे खरे नाव कोणाला माहीत नव्हते, त्यामुळे चौकशी करायची ती कोणाकडे, हाही प्रश्न होता. मग ९ एप्रिल २०१३ रोजी, बगदाद पडल्याला दहा वर्षे झाली त्या दिवशी, अचानक एक नोंद आली. सीरियातील लढाई तीव्र होण्यापूर्वीच आपण तिथून बाहेर पडलो आणि आता तिसऱ्या एका देशात आहोत, एवढा व्यक्तिगत तपशील तिने दिला आणि उरलेल्या जागेत दहा वर्षांत आपण काय शिकलो हे अतिशय कडवटपणे मांडले.

तिच्यापूर्वी बगदादमधूनच लिहिणाऱ्या ‘सलाम पॅक्स’ या टोपणनावाच्या लेखकाच्या नोंदी मार्च २००३ च्या अखेरीस थांबल्या होत्या, त्या मे महिन्यात पुन्हा सुरू झाल्या. तिथे कारण साधे होते. इंटरनेटच तुटलेले होते आणि तो गडी मधल्या काळात लिहीतच होता.

या दोन्ही ठिकाणी वाचकांना पुढचा मजकूर मिळावा म्हणून हुरहुर नव्हती, माणूस जिवंत आहे की नाही एवढेच त्यांना हवे होते. म्हणून मला वाटते की जो लेखक आपले आजारपण, एकटेपण किंवा धोका यांविषयी लिहून वाचकांना त्यात गुंतवतो, त्याने थांबताना ‘मी ठीक आहे’ एवढे तीन शब्द ठेवावेत, किंवा कोणाकरवी ठेववावेत. किल्ल्यांविषयी लिहिणाऱ्याने नाही ठेवले तरी बिघडत नाही.

खटपट्या

दुसऱ्या प्रश्नाचे, म्हणजे वाचकाच्या हातात काय उरते याचे, उत्तर देतो.

आपल्याला जे मौन दिसते त्यातले काही तंत्रज्ञानाने निर्माण केलेले असते. अनेक ब्लॉगांच्या नव्या नोंदी एकाच जागी दाखवणारे गूगल रीडर १ जुलै २०१३ रोजी बंद झाले आणि ज्यांचे सगळे वाचन त्यातूनच चालत असे, त्यांच्या दृष्टीने कित्येक चालू ब्लॉगही त्याच दिवशी बंद पडले. ईमेलने नव्या नोंदी पाठवणारी फीडबर्नरची सेवा २०२१ मध्ये गेली. म्हणून आधी फीडली किंवा इनोरीडर यांसारख्या, रीडरचेच काम करणाऱ्या सेवेत ब्लॉगचा पत्ता टाकून पाहावा. लेखक अधूनमधून लिहीत असेल तर कळेल. प्रतिसादात ‘कुठे आहात?’ विचारण्याचा फारसा उपयोग नाही, कारण ज्यांनी प्रतिसाद आधी तपासून मगच प्रकाशित करण्याची सोय निवडलेली होती, त्यांच्याकडे आपला प्रश्न कायम प्रतीक्षेतच राहतो.

ब्लॉग टिकण्याचे गणितही थोडे उलटे आहे. हौसेने स्वतःचे डोमेन विकत घेतलेल्यांचे ब्लॉग आधी नाहीसे होतात, कारण दरवर्षीचे शुल्क भरायचे राहिले की पत्ता सुटतो आणि त्यावर भलत्याच जाहिराती दिसू लागतात. गूगलच्या ब्लॉगस्पॉटवरचा फुकटचा पत्ता मात्र वर्षानुवर्षे उभा राहतो. तरीही त्यावर विसंबू नये. दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती हटवण्याचे धोरण गूगलने मे २०२३ मध्ये जाहीर केले आणि त्या वर्षीच्या डिसेंबरपासून ते अमलात आणले. टाइपपॅड ही जुनी ब्लॉगसेवा तर ३० सप्टेंबर २०२५ रोजी सगळ्या ब्लॉगांसह बंद झाली. छायाचित्रे त्याही आधी जातात. छायाचित्रे साठवणाऱ्या फोटोबकेट या सेवेने २०१७ मध्ये इतर संकेतस्थळांवर चित्रे दाखवण्यासाठी पैसे मागायला सुरुवात केली, तेव्हा असंख्य प्रवासवर्णने एका रात्रीत चित्रहीन झाली.

वाचकाला करता येण्याजोगे काम एकच आहे. इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये कोणत्याही पानाचा पत्ता देऊन ते जतन करता येते. मुखपृष्ठ जतन करून थांबू नये, आवडलेल्या प्रत्येक नोंदीचा पत्ता वेगळा द्यावा.

लेखकांसाठीही एक सूचना आहे. गूगलच्या खात्यात ‘इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’ नावाची सोय २०१३ पासून उपलब्ध आहे. ठरावीक महिने खाते वापरले गेले नाही तर दहापर्यंत निवडलेल्या व्यक्तींना आपोआप कळवले जाते आणि आपण परवानगी दिलेली असेल तर ब्लॉगचा मजकूरही त्यांच्या स्वाधीन होतो. उंबरठा म्हणतात ते तीन शब्द अशा व्यक्तीला लिहिता येतील.

माजघर

सर्वांचे आभार. अर्धविराम यांचे तिसरे कारण माझ्या मनात कधीच आले नव्हते. एक पूरक प्रश्न: पाककृतींच्या एका थांबलेल्या ब्लॉगवरील सगळ्या नोंदी एकत्र करून पीडीएफ बनवावी आणि ओळखीच्या गटांमध्ये पाठवावी, असे आम्हा काही वाचकांच्या मनात आहे. लेखिकेचा ईमेल पत्ता ब्लॉगवर आहे, पण उत्तर येत नाही.

अर्धविराम

कृपया असे करू नये. लिहिणे थांबवले म्हणून हक्क संपत नाही; भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतरही साठ वर्षे स्वामित्वहक्क राहतो. आपल्यापुरती प्रत काढून ठेवणे वेगळे आणि ती गटागटांतून फिरवणे वेगळे. दोनदा पुढे पाठवली गेली की पीडीएफवरचे नाव गळते, हे व्हॉट्सॲपवर आपण सर्वांनी पाहिलेले आहे. शिवाय त्या बाईंनी पाककृतींच्या मधे घरातल्या माणसांविषयी काय काय लिहिले आहे आणि आज ते कोणाकोणाच्या वाचनात यावे असे त्यांना वाटते, हे आपल्याला ठरवता येणार नाही. मूळ पानांचे दुवे पाठवावेत. त्यांना कधी ती पाने काढून टाकावीशी वाटली, तर तेवढे त्यांच्या हातात राहू द्यावे.